जुन्या वस्तीचे गाणे



गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी जेवून आम्ही जरा आडवे झालो होतो. आमचे चिरंजीव कॉलेजात आहेत. ते शेजारी बसून मोबाईलवर इंग्रजी गाणी ऐकत होते. ती गाणी म्हणजे रिकामे डबे बडवण्याचा प्रकार, असे आमचे जुने मत. आवाज कमी कर, असे सांगायला आम्ही तोंड उघडणार, तोच एक निराळेच गाणे लागले. त्यात ढणढणाट नव्हता. ओट्यावर बसून एखाद्याने घरची हकीगत सांगावी, तसा एक माणूस हळू आवाजात काही सांगत होता. आम्ही विचारले, "हा काय म्हणतोय रे?" चिरंजीव म्हणाले, "पप्पा, त्याच्या गावची गिरणी बंद पडली म्हणतोय."

आमची झोप उडाली. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. १९८२ चा संप ज्यांच्या घरातून गेला त्यांना तर नाहीच नाही. पण अमेरिकेतल्या गोऱ्या गायकाने हे गाणे का म्हणावे? त्या दिवसापासून ऑफिसातून आल्यावर रात्री आम्ही चिरंजीवांना कामाला लावले आणि त्या गाण्याची सगळी माहिती काढली. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

गायकाचे नाव ब्रूस स्प्रिंगस्टीन. गाण्याचे नाव 'माय होमटाऊन', म्हणजे 'माझे गाव'. १९८४ च्या जून महिन्यात 'बॉर्न इन द यू.एस.ए.' या नावाची त्याची तबकडी निघाली, तिच्यातले हे शेवटचे गाणे. ती तबकडी जगभर कोट्यवधींनी खपली. गाव आहे फ्रीहोल्ड. न्यू जर्सी राज्यात मॉनमथ नावाचा जिल्हा आहे, त्याचे हे मुख्य ठाणे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तिथून दक्षिणेला मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर. बाबासाहेब तिकडे होते तेव्हाही फ्रीहोल्डची गिरणी चालू होती. ती १९०४ पासूनची.

ही गिरणी साध्या कापडाची नव्हे, गालिच्यांची. मालक कारागूझियन, मूळचे तुर्की साम्राज्यातले आर्मेनियन. त्यांच्या गालिच्यांचे नाव 'गुलिस्तान', म्हणजे गुलाबांची बाग. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या बागेवर पेटत होती. १९६० चे दशक सुरू झाले आणि मालकांनी फ्रीहोल्डची गिरणी बंद केली. गालिचे विणणे काही थांबले नाही. ते फक्त दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेले. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या पुष्कळ गिरण्या त्या काळात अशाच दक्षिणेला गेल्या. तिकडे मजूर स्वस्त आणि युनियन दुबळी. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले, हिशेबातली माणसे. मालकाच्या वहीत याला खर्चात बचत म्हणतात. कामगाराच्या घरच्या वहीत हीच रक्कम कुठल्या खात्यात लिहायची, ते मात्र आम्हाला कॉलेजात कोणी शिकवले नाही.

स्प्रिंगस्टीनचा जन्म १९४९ चा. वडील डग्लस यांनी काही काळ याच गालिच्यांच्या गिरणीत काम केले. पुढे फोर्ड मोटारीच्या कारखान्यात, मग तुरुंगावर पहारेकरी, मग गाडीवर ड्रायव्हर. एकाही ठिकाणी फार काळ टिकले नाहीत. आई अ‍ॅडेल वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होती. रोज सकाळी नीटनेटके कपडे करून ती कामावर जायची आणि घर तिच्या पगारावर चालायचे. आमच्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

घराची हकीगत त्याने २०१६ साली आलेल्या आत्मचरित्रात सविस्तर लिहिली आहे. सुरुवातीला हे कुटुंब आजी-आजोबांकडे रँडॉल्फ रस्त्यावर राहात होते. घर पडायला आलेले, आणि कडाक्याच्या थंडीत सगळ्या घराला ऊब द्यायला रॉकेलची एक शेगडी. आजोबा लोकांनी फेकून दिलेले रेडिओ कचऱ्यातून गोळा करायचे, घरी आणून दुरुस्त करायचे आणि गावाबाहेर शेतमजुरीसाठी दक्षिणेकडून आलेल्या काळ्या मजुरांच्या छावणीत नेऊन विकायचे. लहानगा ब्रूस त्यांच्याबरोबर जायचा. पुढे ते दुसऱ्या रस्त्यावर राहायला गेले, तिथे घराचा नंबर होता साडेएकोणचाळीस. म्हणजे चाळिसाव्यालाही नाही आणि एकोणचाळिसाव्यालाही नाही, मधल्या अर्ध्यात. चार लहान खोल्या आणि नळाला गरम पाणी नाही. आंघोळीचे पाणी चुलीवर तापवून वर न्यायचे. अमेरिका म्हटले की आपल्याला उंच इमारती दिसतात. हे अर्ध्या नंबरचे घर कोणी दाखवत नाही.

१९६४ च्या अखेरीस, नाताळच्या सुमारास, आईने कर्ज काढून पोराला साठ डॉलरची गिटार घेऊन दिली. पतपेढीतून कर्ज काढून मुलाला सायकल, नाहीतर मुलीला शिलाई मशीन घेऊन देणाऱ्या आया आपल्याकडे काय कमी आहेत? पण घरभाड्याची ओढाताण असताना वाद्यासाठी कर्ज काढायचे, याला निराळे काळीज लागते. ती बाई ९८ वर्षे जगली आणि २०२४ च्या जानेवारीत गेली. मुलाने त्या गिटारीवर पुढे एक स्वतंत्र गाणे लिहिले.

मग तो गावातल्या पोरांच्या एका वाद्यमंडळात सामील झाला, त्याचे नाव 'कॅस्टील्स'. या मंडळाचा पहिला ढोलवादक बार्ट हेन्स. तो सैन्यात भरती झाला आणि १९६७ साली व्हिएतनामच्या लढाईत मारला गेला. ब्रूसलाही बोलावणे आले होते, पण आधी मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार बसला होता, म्हणून तो तपासणीत नापास झाला. एका वस्तीतली दोन पोरे, एकाच मंडळातली. एकाचे नाव वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या काळ्या दगडावर कोरले आहे आणि दुसऱ्याचे तबकडीवर छापले आहे. आमच्या मनातून हे जात नाही.

आता गाण्यात काय आहे ते सांगतो. ओळी आम्ही इथे देणार नाही, त्या ज्याच्या त्याने ऐकाव्यात. आठ वर्षांचा एक मुलगा बापाच्या मांडीवर बसून जुन्या मोटारीचे चाक धरतो आणि बाप त्याला गाव दाखवतो. अभिमान वाटावा म्हणून दाखवतो. मग वर्ष येते १९६५. शाळेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या मारामाऱ्या सुरू होतात. एका शनिवारी रात्री सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि बंदुकीचा बार होतो. मग मुख्य बाजारपेठेतली दुकाने बंद पडतात आणि गिरणीला टाळे लागते. शेवटी तो मुलगा पस्तीस वर्षांचा बाप झालेला असतो. रात्री अंथरुणात नवरा-बायकोची बोलणी चालतात, की बांधाबांध करून दक्षिणेकडे जावे का. आणि जाण्याचा विचार चाललेला असतानाच तो आपल्या पोराला मांडीवर घेऊन तेच गाव दाखवायला निघतो.

एवढेच गाणे. वाद्येही बेताची, आवाज चढत नाही. यात क्रांतीची घोषणा नाही, मालकाला शिवी नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला ते थोडे मिळमिळीत वाटले, हे कबूल करतो. आमचे कान वामनदादांच्या गाण्यांवर वाढलेले. तिथे गाणारा उभा राहून गातो आणि ऐकणाराही उभा राहतो. इथे गाणारा बसलेला आहे. पण दोन-चार रात्री ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गिरणी कुठे गेली? दक्षिणेला. आणि हे नवरा-बायको कुठे जायचे म्हणतात? दक्षिणेला. जिथे मजूर स्वस्त म्हणून मालक गेला, तिथेच आता हा जाणार, स्वस्त मजूर व्हायला. हे गायक आपल्याला समजावून सांगत नाही. ते ज्याचे त्याने जोडायचे.

गाण्यातला बाप आणि खरा बाप यांचा मेळ मात्र बसत नाही. आत्मचरित्रातले डग्लस स्प्रिंगस्टीन रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवून एकटे बसलेले असतात, हातात सिगारेट आणि पुढे बिअर. पोराशी बोलणे नाही, बोलले तर टाकून बोलणे. त्यांना मनाचा मोठा आजार होता आणि त्याचे निदान व्हायला फार वर्षे गेली. घरात तोपर्यंत सगळ्यांना वाटायचे की माणूस तिरसट आहे. काम सुटत होते म्हणून आजार वाढत होता, की आजारामुळे काम सुटत होते, कोण सांगणार? अशी घरे आम्ही आपल्या वस्त्यांतून पाहिली आहेत. बाप दारू पितो एवढेच शेजाऱ्यांना दिसते. दिवा का मालवला, हे कोणी विचारत नाही. तेव्हा मोटारीच्या चाकावर पोराचे हात ठेवून अभिमानाने गाव दाखवणारा तो बाप ब्रूसला मिळाला तो बहुधा गाण्यातच, असे आमचे मत झाले आहे. आणखी गंमत अशी की १९८४ साली त्याला स्वतःला मूलही नव्हते. म्हणजे गाण्यातला बापही हवासा वाटलेला आणि मुलगाही.

खरे पोर झाले १९९० च्या जुलैमध्ये. त्याच्या थोडे आधी म्हातारे डग्लस कॅलिफोर्नियातल्या सॅन मेटिओहून एकटे गाडी चालवत, कोणाला न सांगता, लॉस एंजलीसला मुलाच्या घरी आले. दोघे बसले. तू आमच्याशी फार चांगला वागलास, मी तुझ्याशी चांगला वागलो नाही, अशा अर्थाचे काही ते म्हणाले. मुलानेही त्यांना धीर दिला. चाळीस वर्षांचे येणे-देणे दोन-चार वाक्यांत मिटले. १९९८ साली डग्लस वारले.

आता काळ्या-गोऱ्यांच्या मारामारीकडे येतो. आमच्या वाचकांची नजर तिथेच अडकणार, याची आम्हाला खात्री आहे. गाण्यात १९६५ आहे. पण सिग्नलला गोळी झाडल्याची जी घटना फ्रीहोल्डच्या लोकांना आठवते ती १९६९ ची. गोऱ्या तरुणांनी काळ्या मुलांच्या गाडीवर बंदूक चालवली आणि एका मुलाचा डोळा गेला. गावात दंगल झाली. गाण्यात हे दोन-चार ओळींत येते आणि सांगणारा हतबल होऊन पुढे जातो, काही करता आले नाही म्हणतो. इथे आमचे समाधान होत नाही. हे गाणे गोऱ्या पोराच्या खिडकीतून लिहिलेले आहे. त्या गाडीत मागच्या सीटवर जो मुलगा होता, ज्याचा डोळा गेला, त्याचेही हेच गाव. त्यालाही कधी बापाने मांडीवर बसवून हे गाव तुझे आहे असे सांगितले असेल का? सांगितले असते तर ते खरे ठरले असते का? गिरणी चालू होती तेव्हा तिच्या दारात काळ्या माणसाला किती जागा होती? गाणे चांगले आहे म्हणून हे प्रश्न विचारायचे नाहीत, असे थोडेच आहे.

स्प्रिंगस्टीनच्या बाजूनेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्याच्या वाद्यमंडळात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स काळा होता, आणि २०११ साली वारला तोवर ते नाते राहिले. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अमाडू डियालो नावाच्या गिनी देशातून आलेल्या २३ वर्षांच्या निःशस्त्र तरुणावर त्याच्याच दारात पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्यावर स्प्रिंगस्टीनने गाणे केले. न्यूयॉर्कची पोलीस संघटना खवळली, बहिष्काराची हाक आली, तरी त्याने ते न्यूयॉर्कमध्येच स्टेजवर म्हटले. तेव्हा १९८४ साली खिडकीत बसलेला माणूस पुढे निदान दारापर्यंत आला.

पण या गाण्याची आम्हाला सर्वात मोठी वाटलेली गोष्ट गाण्याच्या बाहेर घडली. ती जरा सावकाश सांगतो.

१९८५ च्या नोव्हेंबरात 'माय होमटाऊन' स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले आणि अमेरिकेच्या यादीत सहाव्या नंबरापर्यंत चढले. रेडिओवर रोज वाजत होते. नेमके त्याच वेळी फ्रीहोल्डमध्ये थ्री-एम कंपनीने आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. तिथे काय तयार होत होते? गाणी आणि चित्रे भरायच्या टेप. गालिच्यांची गिरणी गेली त्याला वीसहून अधिक वर्षे झाली होती आणि आता गावावर दुसरी पाळी आली. कामगारांच्या युनियनने गावच्या या पोराला पत्र लिहिले, गाणे तर आमचेच आहे, मग आता उभा राहा. तो उभा राहिला. त्याने आणि विली नेल्सन या दुसऱ्या प्रसिद्ध गायकाने वर्तमानपत्रात पानभर जाहीर पत्र छापले आणि कंपनीला फेरविचार करण्याची विनंती केली. १९८६ च्या जानेवारीत जवळच्या ॲसबरी पार्क गावी त्याने कामगारांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. मोहिमेला स्वतःचे पैसेही दिले.

कंपनीने ऐकले नाही. कारखाना बंद झाला. गाण्याने कारखाना वाचत नाही, हे आम्ही मान्य करतो.

मात्र त्याच वर्षी, १९८६ च्या फेब्रुवारीत, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ एलांड्सफाँटेन येथे थ्री-एम कंपनीचाच दुसरा कारखाना होता, तिथल्या काळ्या कामगारांनी फ्रीहोल्डच्या कामगारांसाठी काम थांबवले. कोणाच्या राज्यात? वर्णभेदाच्या. जिथे काळ्याला मताचा अधिकार नाही, पासाशिवाय शहरात फिरता येत नाही, संपावर गेले तर नोकरी आणि तुरुंग दोन्हीची भीती. अशा माणसांनी, कधी न पाहिलेल्या एका अमेरिकन गावासाठी, जिथे गोऱ्यांनी काळ्या मुलांवर बंदूक चालवली होती त्या गावासाठी, छातीवर फ्रीहोल्डचे नाव आणि 'माझे गाव' हे शब्द असलेले सदरे घालून काम बंद ठेवले. त्यांचे पुढारी एमॉन म्साने अमेरिकेत जाऊन या कामगारांना भेटले आणि पुढे त्यांच्या सरकारने त्यांना आणीबाणीत डांबले.

हे वाचले त्या रात्री आम्ही सौ.ना उठवून सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांना काय मिळालं त्यातून?" आम्हाला उत्तर देता आले नाही. मिळाले काहीच नाही. फ्रीहोल्डचा कारखाना तर बंदच झाला. तरी गाण्यात ज्या ठिकाणी गायक काही करता आले नाही म्हणून पुढे गेला होता, त्या ठिकाणी हे कामगार येऊन उभे राहिले, असे आम्हाला वाटते. सौ. पुढे काही बोलल्या नाहीत, पण लवकर झोपल्याही नाहीत.

पुढाऱ्यांचेही एक सांगून टाकतो. १९८४ च्या निवडणुकीत अध्यक्ष रेगन न्यू जर्सीत आले आणि भाषणात या गायकाचे नाव घेऊन टाळ्या मिळवल्या. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने, अध्यक्षांनी माझी कोणती तबकडी ऐकली असेल बुवा, असा खोचक विचार बोलून दाखवला आणि काम गेलेल्या मोटार कामगाराचे गाणे म्हटले. शिवाय तिथल्या बेकार पोलाद कामगारांच्या अन्नछत्राला दहा हजार डॉलर दिले. जयंतीच्या स्टेजवर नाव घेऊन टाळ्या मिळवणारे आपण दरवर्षी पाहतोच. असो.

आता जमेची बाजू झाली, नावेची लिहिली नाही तर हिशेब अपुरा राहील. हा गृहस्थ आज फार श्रीमंत आहे. २०२१ च्या अखेरीस त्याने आपल्या सगळ्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीला विकले, किंमत पन्नास कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या. २०२२ साली त्याच्या कार्यक्रमाची काही तिकिटे मागणीप्रमाणे वाढत चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली आणि त्याचेच जुने चाहते संतापले. गालिच्यांच्या गिरणीतल्या कामगाराला त्या खुर्चीवर बसता आले नसते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याने स्वतःच कबूल केले, की आपण आयुष्यात कधी कारखान्यात काम केले नाही आणि तरी सगळे लिहिले ते कारखान्यावरच. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही, पण कबुली आवडली. बापाच्या कष्टावर बोलून मोठे झालेले पुष्कळ असतात. ते कष्ट आपण केलेले नाहीत, असे स्टेजवर सांगणारे थोडे.

चिरंजीवांनी याच जातीचे आणखी एक गाणे ऐकवले. 'द ऑफस्प्रिंग' नावाच्या मंडळाचे, १९९८ च्या तबकडीतले. त्याचा लेखक डेक्स्टर हॉलंड कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्ह या आपल्या जुन्या वस्तीत परत गेला आणि बरोबरीच्या पोरांचे काय झाले ते पाहून त्याने ते लिहिले. कोणाचे शिक्षण सुटलेले, कोणी नशेत गेलेला, कोणी जीव दिलेला. हे मात्र अगदी ढणढणाटी गाणे आहे, आमच्या कानाला झेपले नाही. पण शब्द समजावून घेतल्यावर चिरंजीवांना आम्ही आवाज कमी करायला सांगितले नाही. त्या गाण्यात गिरणीही बंद पडत नाही आणि बंदूकही झाडली जात नाही. तरी पोरे हातची गेली. हा हॉलंड पुढे २०१७ साली जीवशास्त्रात डॉक्टरेट झाला. एका गल्लीतून एवढ्या वाटा निघतात.

मूळ माणसाकडे परत येऊ. स्प्रिंगस्टीनचे आई-वडील १९६९ साली गाव सोडून कॅलिफोर्नियाला गेले. तो मागे राहिला, मग तोही समुद्रकाठच्या गावांतून राहू लागला. नाव झाले, पैसा आला. पण कितीतरी वर्षे त्याला एक सवय होती. रात्री गाडी काढायची आणि फ्रीहोल्डच्या जुन्या रस्त्यांवरून, राहत्या घरांसमोरून चकरा मारायच्या. उतरायचे नाही, कोणाला भेटायचे नाही. आठवड्यातून कितीदा तरी. शेवटी त्याने मनाच्या डॉक्टरला विचारले, मी हे का करतो? १९९० साली एका कार्यक्रमात त्याने हा किस्सा सांगितला. डॉक्टरांचे म्हणणे असे, की तिथे काहीतरी बिघडले होते आणि ते आता तरी दुरुस्त करता येईल का, हे पाहायला तुम्ही परत परत जाता. तो म्हणाला, हो, तेच करतो. डॉक्टर म्हणाले, ते तुम्हाला करता येणार नाही.

रँडॉल्फ रस्त्यावरचे ते आजोबांचे घर आता नाही. चर्चच्या गाड्या उभ्या करायला तिथे मोकळी जागा केली आहे. घरासमोर एक प्रचंड मोठे झाड होते, त्याच्या बालपणातली सगळ्यात मोठी वस्तू. एकदा गेला तर तेही तोडलेले. त्याने लिहिले आहे की आपण त्या जागी उभे राहून पाहिले, मुळे अजून जमिनीत होती.

आमची जुनी खोली ज्या वस्तीत होती तिथे आता टॉवर आहे. ऑफिसला जाताना बस त्याच रस्त्याने जाते. खिडकीची जागा मिळाली तर आम्हीही मान वळवून पाहतो, एवढे इथे लिहिण्यास हरकत नाही.

स्प्रिंगस्टीन मात्र पुढे गाडीतून उतरला. तो फ्रीहोल्डपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहायला आला. आणि १९९६ च्या ८ नोव्हेंबरला लहानपणीच्या सेंट रोझ शाळेच्या व्यायामशाळेत त्याने एकट्याने गिटार घेऊन कार्यक्रम केला. याच शाळेत तो लहानपणी नन्सचा मार खात होता. तिकिटे फक्त फ्रीहोल्डच्या रहिवाशांना. बाहेरगावचे चाहते, कितीही पैसे टाकायला तयार असले तरी, दाराबाहेर. जमलेला पैसा गेला गावात नव्याने राहायला आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या केंद्राला. आज त्या गावात मेक्सिकोकडून आलेल्या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे. जुन्या गल्ल्यांतून त्यांची पोरे शाळेत जातात.

चिरंजीवांना आम्ही विचारले, त्या पोरांपैकी कोणी आपल्या गावचे गाणे केले आहे का, शोध. ते म्हणाले, "पप्पा, केलं असेल तर स्पॅनिशमध्ये असेल. तेही समजून घ्यायचं का?" आम्ही म्हणालो, घेऊ की.